फाल्कनरोडची जवारी

"ऐकू येतंय?"

"येतंय की."

"आता?"

दस्तगीरचाचा डोळे मिटून बसले होते. त्यांच्या कानांत माझे इअरफोन होते आणि बस द्राक्षांच्या मळ्यांमधून चालली होती. मी मोबाईलच्या पडद्यावरचा कंपनसंख्येचा आकडा तीन हजार हर्ट्झवरून चार हजारांवर नेला.

"आता?"

"वाजव की मग."

मी वाजवतच होते. आकडा खाली आणला, पुन्हा वर नेला. दोन हजारांपर्यंत चाचा लगेच बोट वर करत. तीन हजारांना थांबून, विचार करून करत. चार हजारांपुढे बोट मांडीवरून हलत नव्हतं. चालत्या बसमधली चाचणी ग्राह्य धरणं बरं नाही म्हणून पेट्रोल पंपावर इंजिन बंद झाल्यावर मी ती परत घेतली. इअरफोन बिघडलेला नाही, हे स्वतःच्या कानांवर तपासलं. आकडे तेच आले.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कोल्हापुरातून पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केलं होतं, विषय ध्वनी. जर्मन शिकले होते, पीएच. डी.ची जागा मिळायला आठ महिने अवकाश होता, म्हणून एका पर्यटन कंपनीत सहायक म्हणून लागले होते. आमची सहल सांगली-कोल्हापूरकडच्या दुर्गप्रेमींची होती. सात दिवस, नऊ किल्ले. मंडळी पन्हाळा, विशाळगड पायाखाली घातलेली. त्यामुळे जर्मनीतल्या कुठल्याही किल्ल्यात शिरल्यावर पहिला प्रश्न पाण्याच्या टाक्याचा आणि दुसरा चोरदिंडीचा. उंची त्यांना कुठलीच पुरत नसे. "ही गढी आहे हो, किल्ला नव्हे," असा निकाल तिसऱ्या दिवसापर्यंत पाच वेळा लागला होता.

दस्तगीर शिकलगार आणि त्यांच्या पत्नी जैतूनचाची या मंडळींपैकी नव्हते. त्यांची मुलगी फ्रँकफुर्टला नोकरीला होती. तिच्या बाळंतपणासाठी दोघं मिरजेहून आले होते आणि दोन महिने घरात बसून कंटाळले होते, म्हणून तिने त्यांना आमच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. चाचा तंबोरे बनवायचे. सदुसष्ट वर्षांचे होते आणि त्यातली पन्नास वर्षं त्यांनी जवारी काढण्यात घालवली होती.

जवारी म्हणजे काय ते त्यांनीच मला पहिल्या दिवशी समजावलं होतं. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, त्या घोडीवर ती नुसती टेकली तर आवाज कोरडा येतो. म्हणून घोडीचा माथा कानशीने हलके हलके घासत न्यायचा, मग तारेखाली एक सुती दोरा सरकवत न्यायचा, आणि एका जागी येऊन थांबायचं. त्या जागी तार घोडीला चाटून जाते आणि आवाज फुलतो. ती जागा केसाइतकी असते. ती कुठे आहे हे कुणी सांगू शकत नाही, ऐकावी लागते.

आणि गेल्या वर्षभरात त्यांचे तीन तंबोरे परत आले होते. त्यातला एक धारवाडच्या अशा घरातून, जिथे तीन पिढ्या शिकलगारांखेरीज दुसऱ्याचा तंबोरा वाजला नव्हता. त्यांनी तक्रार केली नाही. नीट गवतात गुंडाळून परत पाठवला, सोबत एवढाच निरोप, की जवारी बोलत नाही. चाचांना त्या तिन्हींत काही खोट सापडली नव्हती. खरी भीती तीच होती. खोट असून आपल्याला सापडत नसेल, तर कान गेले. तसं असेल तर घरी गेल्यावर कानशी पुतण्याकडे, जावेदकडे द्यायच्या आणि पुन्हा घोडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हे त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं होतं, कारण चाची शेजारीच खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. मी आवाजाचं शिकलेली, म्हणून मीच तपासावं, ही त्यांचीच इच्छा.

"काय निघालं, बेटा?"

मी म्हणाले, "जवारीचा झंकार बहुतेक दोन-तीन हजारांच्या वरचा असतो, चाचा. म्हणजे तुमच्या कामाचा जो भाग आहे, तोच तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही."

वाक्य नेमकं होतं. त्यात एक शब्द जास्त नव्हता. मला ते बोलल्यावर थोडं समाधानही वाटलं, हे कबूल करते.

चाचांनी इअरफोन काढले. वायरची गुंडाळी केली, तारा गुंडाळणारा माणूस करतो तशी, कुठेही पीळ पडू न देता, आणि माझ्या हातात ठेवली.

"बरं झालं. एकदा कळलं," ते म्हणाले, आणि मळ्यांकडे बघत बसले.

त्या दुपारचा किल्ला फाल्कनरोड. माइन नदीच्या वळणावर, एका बेताच्या टेकडीवर, चार बुरुजांचा. निंबाळकर सर आमचे मुख्य टूर मॅनेजर. त्यांनी बसमध्येच बजावलं, की चारला म्हणजे चारला निघायचं, कारण चालकाच्या कामाचे तास संपले की इथे बस जागची हलत नाही. मंडळी वर गेली आणि पंधरा मिनिटांत त्यांना पाण्याचं टाकं सापडलं. खरोखर कोरीव, पायऱ्या असलेलं. त्यावरून ते इतके खूश झाले, की किल्ल्याच्या आतल्या दालनात यायला फक्त सहा जण राहिले. त्यात चाचा आणि चाची होते.

दालन दाखवणाऱ्या बाईंचं नाव फ्राउ लिंडनर. साठीच्या, उंच, अंगात सुताराचा निळा अॅप्रन. पन्नास वर्षांपूर्वी त्या पियानो बनवण्याच्या कारखान्यात उमेदवारी करत होत्या, आता जुने पियानो दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात किल्ला दाखवत. त्यांनी आधी भिंतीवरचं एक साखळ्यांचं चिलखत दाखवलं आणि मग त्याखाली मांडलेली एक जाड पोलादी पट्टी, जिला लहानमोठी भोकं होती. त्या म्हणाल्या, की लोखंडाची कांडी या भोकांतून ओढून ओढून बारीक करत आणि तार काढत. या भागातले तारकरी आधी चिलखतांच्या कड्यांसाठी तार ओढायचे. पुढे बंदुका आल्या, चिलखतं कुणी घालेना, तेव्हा त्याच हातांनी वाद्यांच्या तारा ओढायला घेतल्या.

मी हे भाषांतर करून सांगितलं. चाचा सकाळपासून पहिल्यांदा हसले.

"हिला सांग, आम्ही शिकलगार. आमचे लोक तलवारींना धार लावायचे. लढाया थांबल्या, मग आम्ही पण तंबोरे करायला लागलो. पोटाला दोन्हीकडे सारखीच अक्कल सुचते."

मी सांगितलं. फ्राउ लिंडनर यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, विशेषतः त्यांच्या बोटांकडे, आणि मग त्या आम्हाला कोपऱ्यातल्या पियानोपाशी घेऊन गेल्या.

तो आजच्या पियानोसारखा काळा आणि जडशीळ नव्हता. दोनशे वर्षांपूर्वीचा, व्हिएन्नातल्या कारागिराने केलेला, अक्रोडाच्या लाकडाचा, एखाद्या लांब टेबलासारखा सडपातळ. आत लोखंडी चौकट नाही, सगळा ताण लाकडावर. खाली पाच पेडल. त्यातल्या एका पेडलची गंमत अशी, की ते दाबलं की कागद लावलेली एक पट्टी खालच्या सुरांच्या तारांवर अलगद उतरते आणि त्या गुणगुणू लागतात. त्या काळी लोकांना हे फार आवडे. पुढे ती आवड गेली आणि या पियानोतली पट्टीही कुणीतरी काढून टाकली. फ्राउ लिंडनर यांनी ती नव्याने केली होती. रविवारी किल्ल्यात वादन होतं.

त्यांनी पेडल दाबून दोन-तीन सूर वाजवले. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तसा आवाज आला. आमच्यातले दोघं हसले. फ्राउ लिंडनरही कसनुशा हसल्या. म्हणाल्या, की तीन आठवडे खटपट करतेय, पण हे असंच वाजतं. बहुधा उद्या काढूनच टाकेन.

"जवारी बिघडलीय तिची," चाचा पुटपुटले.

"तुम्ही गप बसा," चाची म्हणाल्या. "बाईंच्या घरात येऊन बाईंनाच शिकवू नका."

पण मी तोवर ते सांगून टाकलं होतं. भाषांतर करायला बसलं की थांबता येत नाही. फ्राउ लिंडनर यांनी जवारी म्हणजे काय असं विचारलं. मी चाचांचेच शब्द जर्मनमध्ये सांगितले. तार टेकायची नाही, चाटून जायला हवी. त्यांनी ते वाक्य स्वतःशी दोनदा म्हटलं, पियानोभोवती लावलेली अडसराची दोरी सोडली, पियानोचं झाकण पूर्ण उघडलं आणि चाचांना हाताने खूण केली, की या.

चाचा पुढे गेले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, मला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी भाषांतरित केलं नाही. ते मला जमलंच नाही. मी फ्राउ लिंडनर यांना म्हणाले, की ते येताहेत, जरा चष्मा काढताहेत.

निंबाळकर सरांनी दारातून डोकावून चाळीस मिनिटं उरल्याचं सांगितलं. बाकीची मंडळी चहा शोधायला गेली. दालनात आम्ही चौघं राहिलो.

चाचांनी आधी पट्टीच नुसती बघितली. कागद जाड होता, चित्रकलेच्या वहीसारखा, आणि ताठ ताणून चिकटवलेला. त्यांनी तो नखाने वाजवला आणि मान हलवली. पातळ हवा, असं सांगायला लावलं. फ्राउ लिंडनर आतून केक भाजायचा कागद घेऊन आल्या. चाचांनी तो मुठीत चुरगाळून पुन्हा सपाट केला, म्हणजे त्याचा ताठा जाईल, आणि पट्टीला किंचित ढिला लावला. मग दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल केले. मग चाचींकडे हात पुढे केला. चाचींनी काही न विचारता पदराच्या काठातून एक दोरा ओढून दिला.

"चाळीस वर्षं झाली," त्या मला म्हणाल्या. "माझ्या एका साडीला काठ राहिलेला नाही."

तो दोरा चाचांनी पट्टीच्या एका टोकाखाली सरकवला. आता पट्टी किती उतरते हे दोरा ठरवणार होता. फ्राउ लिंडनर सूर वाजवत राहिल्या आणि चाचा दोरा सरकवत राहिले. जागा अडचणीची होती. हात आत, डोकं बाहेर, कंबर वाकलेली. थोड्या वेळाने त्यांनी दमून हनुवटी पियानोच्या लाकडी काठावर टेकवली.

आणि त्यांचा हात थांबला.

"परत वाजवायला सांग," ते म्हणाले. बोलताना हनुवटी उचलली नव्हती, त्यामुळे शब्द दाताआडून आले.

फ्राउ लिंडनर यांनी तोच सूर वाजवला. चाचांनी दोरा अगदी थोडा मागे घेतला. परत. थोडा पुढे. परत. मला फरक कळत होता, पण कुठला बरा ते सांगता आलं नसतं. आणि मग एका वेळी तो सूर उघडला. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. भुंगा नाहीसा झाला आणि एका तारेतून पाच-सहा सूर उमलून वर गेले, आणि दालन त्यांनी भरून गेलं. फ्राउ लिंडनर यांचा हात पट्ट्यांवर तसाच राहिला.

चाचा मात्र अजून समाधानी नव्हते. त्यांनी दोरा आणखी केसभर हलवला. सूर आणखी उजळला.

मी सकाळी घेतलेल्या चाचणीप्रमाणे हे शक्य नव्हतं. जो भाग त्यांना ऐकू येत नाही, त्याचंच माप ते केसाच्या अंतराने घेत होते. माझे आकडे दोनदा जुळले होते. मग मी पहिल्यांदा त्यांच्या कानांऐवजी त्यांच्याकडे पाहिलं.

"चाचा, जरा हनुवटी उचला."

"का?"

"उचला तर."

त्यांनी उचलली. मी फ्राउ लिंडनर यांना सूर वाजवायला सांगितलं.

"आता कसा आहे?"

चाचा गोंधळले. "बरा आहे. पण तो नाही. बाईंनी हात बदलला काय?"

"आता टेकवा."

त्यांनी टेकवली. सूर वाजला. त्यांचे डोळे आपोआप मिटले.

मी शास्त्राची विद्यार्थिनी, एवढ्यावर माझा विश्वास बसणार नव्हता. मी फ्राउ लिंडनर यांना समजावलं, की पेडल कधी पूर्ण दाबा, कधी किंचित कमी, आणि कुठलं कधी ते मला फक्त बोटाने दाखवा. चाचांनी डोळे मिटून सांगायचं, पट्टी बरोबर जागी आहे की नाही. हनुवटी वर असताना आठ वेळा विचारलं, चार बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. हनुवटी टेकवून आठ वेळा विचारलं. आठही बरोबर.

मग मी चाचांना जे सांगितलं ते सकाळच्या वाक्याइतकं नेमकं नव्हतं. मी अडखळत होते. मी म्हणाले, की मी फक्त हवेतून येणारा आवाज तपासला. तो तुम्हाला कमी येतो, ते खरंच आहे. पण लाकडातून जबड्यात आणि जबड्याच्या हाडातून आत जाणारा आवाज कितीतरी मोठा असतो, त्यामुळे जे तिथे कमी पडतं ते इथे भरून निघतं. तुम्ही काम करताना हनुवटी टेकवता का?

"नाही बा," चाचा म्हणाले. "मी आपला खाली बसतो, तंबोऱ्याचा भोपळा मांडीशी घेतो, आणि..." ते थांबले. रिकाम्या हवेत त्यांनी भोपळ्याला हाताचा विळखा घातला आणि मान आपसूक खाली गेली.

"खाली कुठलं बसताय?" चाची म्हणाल्या. "गुडघ्यांचं दुखणं सुरू झाल्यापासून टेबलावर करताय की. थोरल्या पोराने ती फिरती खुर्ची पाठवली नाही का, पाठीला गादी असलेली? साहेब होऊन बसतात आता, ताठ."

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या रमजानच्या आधीपासून."

"आणि परत आलेले तीन तंबोरे?"

चाचींनी बोटांवर मोजले. एक, दोन, तीन. मग त्या खाली बसल्या, पियानोच्या स्टुलावरच, आणि पदराने तोंड पुसलं. तेव्हा मला कळलं, की बसमध्ये त्या झोपलेल्या नव्हत्या.

"तिन्ही नंतरचे," चाचा म्हणाले.

फ्राउ लिंडनर यांना मी थोडक्यात सगळं सांगितलं. त्यांनी अॅप्रनच्या खिशातून घडीची लाकडी फूटपट्टी काढली आणि कामाला लागल्या, जणू रोज हेच करत असाव्यात. चाचांना खुर्चीवर बसवलं. आम्ही जमिनीपासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजलं. चाचांना टेबलाची उंची बोटांच्या मापात पाठ होती, भोपळ्याची जाडीही. मी कागदावर वजाबाकी केली. टेबलावरचा भोपळा हनुवटीला टेकायला अकरा सेंटिमीटर कमी पडत होते.

"म्हणजे एवढं वाकायचं की," चाची म्हणाल्या.

"आठ आठ तास? मान राहील काय जागेवर?" चाचा म्हणाले. "टेबलच वर येऊ दे."

खालून निंबाळकर सरांची हाक आली. चार वाजायला सहा मिनिटं होती. निघताना फ्राउ लिंडनर यांनी पेडल दाबून एक छोटी, संथ धून वाजवली. चाचा दारापर्यंत गेलेले परत आले, पियानोच्या काठावर हनुवटी टेकवून ती संपेपर्यंत उभे राहिले, आणि मग आम्ही तिघं उताराने जमेल तेवढं पळालो. बस आमच्यासाठीच थांबली होती. दुर्गप्रेमींनी आमच्याकडे दयेने पाहिलं, कारण आमचं टाकं बघायचं राहिलं होतं.

बस सुरू झाल्यावर मी चाचांच्या सीटपाशी गेले आणि माझं चुकलं असं म्हणाले.

"चुकलं कुठं? ऐकू येत नाही ते नाहीच येत. चाचीला विचार."

"मी बोललेलं तर पहिल्यापासून येत नव्हतं," चाची म्हणाल्या, आणि डब्यातली शंकरपाळी माझ्यापुढे केली.

चाचांनी मोबाईल मागितला. मिरजेत तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले असतील. पलीकडून जावेदचा आवाज मलाही ऐकू येत होता, कारण चाचा फोन कानापासून लांब धरून बोलत. टेबलाच्या चारही पायांखाली विटा लाव, त्यांनी सांगितलं. सपाट नको, कडेवर ठेव. हो, एकेकच. सारख्या बघून घे, डुगडुगता कामा नये. आणि धारवाडचा तंबोरा माळ्यावरून खाली काढून त्याच्यावर ठेव.

जावेद पलीकडे बुचकळ्यात पडला असावा. एवढ्या उंच टेबलाशी बसून काम कोण करणार, असं त्याने विचारलं.

"मी," चाचा म्हणाले. "आणखी कोण?"